पुढचं स्टेशन पाण्यात

जुलैतली पावणेतीनची वेळ. वेनेत्सिया मेस्त्रे स्टेशनच्या फलाटावर एक मराठी कुटुंब उतरलं. मुलगा, सून, नऊ-दहा वर्षांची नात, आणि सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या आजी. चार बॅगा खाली आल्या, दारं लागली, गाडी निघून गेली. आजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रूळ, वायरी, पलीकडे हॉटेलांच्या चौकोनी इमारती आणि उन्हात तापलेला रस्ता. त्या म्हणाल्या, "अरे, पाणी कुठंय?" मुलानं फलाटावरच्या निळ्या पाटीकडे बोट केलं. "वेनेत्सियाच, म्हणजे व्हेनिसच लिहिलंय की, आई." लिहिलेलं होतंच. फक्त त्यापुढचा एक शब्द त्यांनी वाचला नव्हता. मग मोबाईल निघाला, कुणीतरी भुयारी मार्गाकडे हात दाखवला आणि चौघं बॅगा ओढत खाली दिसेनासे झाले.

नुकसान म्हणाल तर फार काही नाही. मेस्त्रेहून सांता लुचियाला, म्हणजे खऱ्या व्हेनिसला, दर काही मिनिटांनी गाडी असते. दहा-बारा मिनिटांचा प्रवास आणि दीड युरोच्या आसपास तिकीट. तरी आजींचा तो प्रश्न मनातून जात नाही. रोमपासून चार तास त्या ज्याच्यासाठी बसून आल्या होत्या, ते अगदी पुढच्याच वळणावर होतं. त्या एका स्टेशन आधी उतरल्या होत्या.

इटलीत रेल्वेनं फिरायचं म्हणजे पाट्या वाचायला शिकायचं, आणि मुंबईकराला हे खरं तर शिकवावं लागू नये. दादरला उभा असलेला माणूस ठाण्याला जायचं असलं तरी इंडिकेटरवर ठाणं शोधत बसत नाही. कल्याण, अंबरनाथ, कर्जत, कसारा, यातली कुठलीही गाडी त्याला चालते, कारण ती ठाण्यावरूनच जाते. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर हाच माणूस मात्र मान वर करून "फ्लॉरेन्स" शोधत राहतो. एक तर तिथे फ्लॉरेन्स नाही, फिरेंझे आहे. दुसरं म्हणजे फिरेंझेही मोठ्या अक्षरात सापडेलच असं नाही, कारण बोर्डावर गाडीचं शेवटचं स्टेशन असतं: मिलानो चेंत्राले, तोरिनो पोर्ता नुओवा, वेनेत्सिया सांता लुचिया. मधली स्टेशनं बाजूला बारीक अक्षरांत सरकत जातात. म्हणून शहराचं नाव सोडा आणि तिकिटावरचा गाडीचा नंबर पाठ करा. बोर्डावर तोच नंबर आणि सुटायची वेळ जुळवा, मग 'बिन' लिहिलेल्या रकान्यात बघा. बिनारिओ म्हणजे फलाट. तो आकडा बहुतेक वेळा गाडी सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच उमटतो, तोवर अख्खी गर्दी बोर्डाखाली माना वर करून उभी असते. 'रितार्दो'खाली मिनिटं दिसली तर तेवढा उशीर आहे. 'सोप्रेस्सो' दिसलं तर गाडी रद्द आहे, थेट खिडकी गाठायची. भिंतीवर काचेआड छापील वेळापत्रकं लावलेली असतात, पिवळं सुटणाऱ्या गाड्यांचं आणि पांढरं येणाऱ्यांचं. घाईत पांढऱ्यासमोर उभं राहून आपली गाडी शोधणारे रोज दिसतात.

आणि नावातला दुसरा शब्द. एका शहराला दोन-तीन स्टेशनं असणं आपल्याला नवं नाही, पण परक्या भाषेत पहिला ओळखीचा शब्द दिसला की डोळा तिथेच थांबतो. फिरेंझे सांता मारिया नोव्हेल्ला हे जुन्या शहराच्या उंबरठ्यावरचं स्टेशन. फिरेंझे काम्पो दि मार्ते आणि रिफ्रेदी लांब आहेत. रोमा तेर्मिनी वेगळं, रोमा तिबुर्तिना वेगळं. नापोली चेंत्राले शहरात आहे, तर नापोली आफ्रागोला शहराबाहेर माळावर आहे. बोलोन्याला तर नाव एकच, पण १६ ते १९ हे फलाट जमिनीखाली खोल, स्वतंत्र स्टेशनात आहेत. जलद गाडी बहुधा तिथे थांबते. वरच्या फलाटावरून लोकल पकडायची असेल तर सरकते जिने चढत यायला बॅगेसकट दहा मिनिटं लागतात. तिकीट साइटवर दाखवलेली, सात मिनिटांनी सुटणारी पुढची गाडी कागदावर शक्य दिसते. बरोबर आजी असतील तर ती घेऊ नका.

जलद गाडी आणि लोकल यांची तिकिटं दोन वेगळ्या जातींची आहेत, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप याच गोंधळातून होतो. जलद गाडीचं तिकीट त्या गाडीचं, त्या डब्याचं, त्या आसनाचं. आधी काढलं तर स्वस्त, आदल्या दिवशी महाग, आणि सगळ्यात स्वस्त तिकीट बहुधा बदलता येत नाही. 'रेजिओनाले' म्हणजे लोकल. तिचा दर अंतरावर ठरलेला, आज काढा नाहीतर महिनाभर आधी. आसन क्रमांक नाही, मिळेल तिथे बसायचं. पण कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटाच्या तोंडाशी असलेल्या लहानशा यंत्रात ते घालावं लागतं. तिकिटाचं टोक फटीत सरकवायचं, कर्र आवाज होतो, कडेला तारीख आणि वेळ उमटते. उमटली की नाही हे डोळ्यांनी बघायचं. शाई संपलेली असते, फटीत कुणाचा तरी कागद अडकलेला असतो. यंत्र बंद असेल तर दुसरं शोधा. तेही बंद असेल तर पेननं तिकिटावर तारीख, वेळ, स्टेशन लिहा आणि गाडीत चढल्याबरोबर आपणहून टीसीला गाठा. तो आपल्यापर्यंत आला की मग सांगायला उशीर झालेला असतो. मोबाईलवरच्या लोकल तिकिटाला हाच शिक्का 'चेक-इन' नावानं असतो, त्याची पद्धत तिकीट काढतानाच वाचून ठेवायची. पैसे भरले म्हणजे झालं असं आपल्याला वाटतं. तिथे पैसे भरून फक्त कागद मिळतो. प्रवास शिक्क्यापासून सुरू होतो.

जलद गाडीच्या दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. कधी कधी दोन गाड्या नाकाला नाक लावून एकत्र धावतात आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. चुकीच्या अर्ध्यात चढलात तर पुढच्या स्टेशनवर उतरून पळावं लागतं. दारंही सुटायच्या वेळेच्या मिनिट-दोन मिनिटं आधी लागतात. म्हणून फलाटावर आधी डबा क्रमांक बघा, मग चढा. दुसरी गोष्ट म्हणजे तेर्मिनी, सांता मारिया नोव्हेल्ला, मिलानो चेंत्राले, सांता लुचिया ही सगळी आपल्या सीएसएमटीसारखी शेवट असलेली स्टेशनं, रूळ तिथे संपतात. रोमहून व्हेनिसला जाणारी गाडी फिरेंझेला आत शिरते आणि उलट तोंडानं बाहेर पडते. तोवर पुढे तोंड करून बसलेला माणूस तिथून पुढे पाठमोरा जातो. ज्यांना मळमळतं त्यांनी आसन निवडतानाच हे धरून चालावं.

आता वेगाबद्दल. रोम ते फिरेंझे जलद गाडीनं दीड तास, लोकलनं पावणेचार तासांच्या आसपास. सगळे दीड तासवाली घेतात, आणि एका दिवसात दोन शहरं "करायची" असतील तर तीच घ्यावी लागते. पण फिरेंझे ते बोलोन्या या टप्प्यावर त्या वेगाची खरी किंमत कळते. २००९ मध्ये सुरू झालेला हा मार्ग सुमारे ७८ किलोमीटरचा, आणि त्यातले ७३ बोगद्यांत. अपेनाइन पर्वत पार होतो, पण खिडकीत पूर्ण वेळ आपलाच चेहरा दिसतो. चाळीसेक मिनिटांत तोस्काना प्रांत संपतो आणि एमिलिया सुरू होतो. मधे घाट होता हे कळतही नाही. ज्याच्याकडे दिवस मोकळा आहे त्यानं जुना पोर्रेत्ताना मार्ग धरावा. १८६४ साली सुरू झालेला, हा पर्वत ओलांडून तोस्काना आणि एमिलिया जोडणारा पहिला लोहमार्ग. फिरेंझेहून पिस्तोयाला जायचं, तिथून डोंगर चढणारी छोटी गाडी घेऊन पोर्रेत्ता तेर्मे, आणि तिथे गाडी बदलून बोलोन्या. पिस्तोया सोडलं की गाडी वळणं घेत चढायला लागते. खाली राहिलेलं गाव एकदा या खिडकीत आणि थोड्या वेळानं त्या खिडकीत दिसतं. बोगदे येतात, पण ते बहुतेक लहान, आणि दोन बोगद्यांच्या मधे चेस्टनटची दाट झाडी अंगावर येते. कसाऱ्याहून वर चढणारा घाट ज्यांनी दारात उभं राहून पाहिला आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. या डोंगरातल्या गाड्या मोजक्या आहेत आणि दरड कोसळली की मार्ग बंद पडतो, म्हणून त्या आठवड्याचं वेळापत्रक बघूनच निघायचं आणि अर्धा दिवस हातात ठेवायचा.

रोम-फिरेंझे लोकलचंही तसंच. उत्तरेकडे जाताना ओर्व्हिएतोला डाव्या खिडकीत बसा. सपाट खोऱ्यातून एकदम उठलेला सरळ कातळ आणि त्याच्या माथ्यावर बसवलेलं गाव, जणू किल्ल्याच्या माचीवरच वस्ती केली आहे. पुढे कास्तिल्योने देल लागोजवळ उजव्या हाताला त्राझिमेनो तलावाची फिकट पट्टी येते. दोन्ही बाजू हव्या असतील तर जागा बदलावी लागते. लोकलमध्ये ते जमतं, कुणी हटकत नाही.

उन्हाळ्याबद्दल मात्र जरा कठोर बोलायला हवं.

जुलै-ऑगस्टमध्ये रोम आणि फिरेंझे ३५ अंशांच्या पुढे सहज जातात. आपण विदर्भाचे, मराठवाड्याचे, ऊन आपल्याला काय नवं, असं म्हणून लोक बाराच्या उन्हात फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकाच्या, दगडांवर उतरतात. फरक असा की चंद्रपूरचा माणूस मे महिन्यात दुपारी एकला बाहेर पडत नाही. तो खिडक्या लावून घरात असतो. इटालियन माणूसही तेच करतो. दुकानांची शटरं खाली येतात, लहान चर्च साधारण बारा ते साडेतीन-चार बंद असतात. पर्यटक मात्र तेवढ्या तासांत सगळ्यात जास्त चालतो, बंद दारांवर डोकं आपटतो आणि संध्याकाळी, जेव्हा शहर उघडतं, तेव्हा हॉटेलात पाय चेपत पडून राहतो. जूनअखेर तिथे रात्री नवाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ, एवढ्या वेळात शहर पुरेसं बघून होतं. मधला वेळ गाडीला द्यावा. मुक्काम बदलायचा तर दुपारी एकची गाडी घ्या, सकाळची नको. बाहेर भट्टी पेटलेली असताना गारव्यात बसून गव्हाची कापलेली शेतं आणि सुरूची झाडं बघत जायचं, उतरेपर्यंत सावल्या लांब झालेल्या असतात. मोठी बॅग सकाळीच स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकली की शहर मोकळ्या हातांनी फिरता येतं. क्लोकरूम बंद व्हायची वेळ आधी वाचून ठेवायची.

पाण्याची बाटली विकत घेणं रोममध्ये गरजेचं नाही. रस्त्यांवर नासोने म्हणतात ते बिडाचे नळखांब आहेत, १८७४ पासूनचे, आजही दोन हजारांच्या वर. वाकड्या नाकासारख्या तोटीतून गार पाणी अखंड पडत असतं. लोक बाटली धरतात किंवा वाकून ओंजळीनं पितात. ओंजळीचीही गरज नाही. तोटीचं खालचं तोंड बोटानं बंद केलं की नळाच्या वरच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून धार वर उडते, थेट ओठांच्या उंचीला. शेजारच्या लहान मुलाला एकदा दाखवा, त्याचं रोम तिथेच पूर्ण होतं.

दुपारी गाडीत बसायचं नसेल तर जिथे ऊन पोहोचत नाही अशी जागा हवी. ओर्व्हिएतोला ती जागा जमिनीच्या पोटात आहे. स्टेशनसमोरूनच केबलवर ओढली जाणारी गाडी वर गावात नेते, आणि वर उतरल्यावर काही पावलांवर पोत्सो दि सान पात्रित्सिओ ही विहीर. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं, पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला, आणि वेढा पडला तर पाणी पुरावं म्हणून अँतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकारानं ही विहीर रचली. खोली पन्नास मीटरच्या वर. आत जायला एक गोल जिना आणि बाहेर यायला दुसरा. दोन्ही एकमेकांभोवती वेढे घेतात पण कुठेही भेटत नाहीत. प्रत्येकाला २४८ पायऱ्या, रुंद आणि बुटक्या, कारण त्या खेचरांसाठी आहेत. पखाली लादलेलं खेचर एका वाटेनं उतरायचं, तळाच्या छोट्या पुलावर पाणी भरायचं आणि दुसऱ्या वाटेनं वर यायचं. उतरणारं आणि चढणारं जनावर समोरासमोर येऊन अडायला नको म्हणून हा सगळा खटाटोप. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहिलेल्या माणसाला इथे वेगळाच आनंद होतो. तिथे बैल काठावर चालायचे आणि पाणी मोटेतून वर यायचं. इथे जनावरच पाण्यापर्यंत जायचं. मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या ७२ खिडक्यांतून वरचा उजेड झिरपत राहतो आणि एकेका वेढ्याला अंगावरचा घाम थंड होत जातो. निम्म्यावर पोहोचलं की खांद्यावर काहीतरी घ्यावंसं वाटतं, म्हणून पातळ ओढणी जवळ ठेवा. चर्चमध्ये खांदे झाकायलाही तीच लागते. गुडघे दुखत असतील तर मात्र विचार करा, कारण २४८ पायऱ्या चढूनच बाहेर यायचं असतं आणि मधे बाहेर पडायला दार नाही.

बोलोन्यानं सावली जमिनीवरच बांधून ठेवली आहे. घराचा वरचा मजला रस्त्यावर पुढे आणायचा आणि खाली खांब देऊन पादचाऱ्यांना ओसरी सोडायची, असे ६२ किलोमीटरचे छतपथ या शहरात आहेत. १२८८ साली शहरानं नियमच केला की नवं घर बांधाल तर ओसरी ठेवावीच लागेल, आणि ती घोडेस्वार जाईल इतकी उंच. जागा मालकाची, वाट सगळ्यांची. आपल्याकडे ओटा आत घ्यायची चढाओढ चालते, म्हणून हे बघताना मन जरा हलतं. शहराच्या दारापासून सान लुकाच्या टेकडीपर्यंत ६६६ कमानींची रांग जाते, जवळजवळ चार किलोमीटर. भर उन्हातही डोकं तापू न देता ती चढता येते. शेवटचा भाग दमवतो, पण सावलीतच दमवतो.

त्याच बोलोन्याच्या स्टेशनच्या भिंतीवर एक घड्याळ १०:२५ वर थांबलेलं आहे.

२ ऑगस्ट १९८०, शनिवार. सुट्टीला निघालेल्या माणसांनी प्रतीक्षालय भरलं होतं आणि तिथे बॉम्ब फुटला. ८५ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. घड्याळ मुद्दाम त्या वेळेवर ठेवलं आहे. आतल्या भिंतीला पडलेली भेगही काच लावून तशीच राखली आहे आणि शेजारी नावं कोरली आहेत, नावांपुढे वयं. आजही ते प्रतीक्षालयच आहे. लोक तिथे बसून बिस्किटं खातात, मुलं बॅगांवर चढतात. गाडीला वीस मिनिटं असतील तर आत जाऊन ती नावं वाचावीत. मुंबईहून, पुण्याहून आलेल्या माणसाला यासाठी कुठलंही स्पष्टीकरण लागत नाही.

बोलोन्याहून व्हेनिसकडे जाताना पादोव्हा लागतं आणि बहुतेकजण ते खिडकीतूनच बघतात. स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की स्क्रोव्हेन्यी चॅपल येतं, जोत्तो या चित्रकारानं १३०५ च्या सुमारास रंगवलेलं. तिथे सरळ आत सोडत नाहीत. आधी काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, आपल्या अंगावरची धूळ आणि दमटपणा निवावा म्हणून, आणि मग मोजक्या माणसांचा गट पंधरा मिनिटांसाठी आत जातो. वेळ आधी आरक्षित करावी लागते, आणि वेळ चुकली तर तिकीट वाया. स्टेशनवरून धावत येणाऱ्यांना दारातून परत फिरावं लागतं, म्हणून अगदी वेळेवर पोहोचवणाऱ्या गाडीच्या दोन गाड्या आधीची गाडी घ्या. आत गेल्यावर आधी मान वर करायची. छत निळं आहे आणि त्यावर सोनेरी चांदण्या आहेत.

पादोव्हाहून व्हेनिस अर्ध्या तासावर. गाडी मेस्त्रेला थांबते, आणि डब्यातले निम्मे लोक उठतात, कारण पाटीवर तेच नाव असतं. काहींची हॉटेलं तिथेच असतात, स्वस्त पडतात म्हणून, आणि त्यात काही वाईट नाही. बाकीच्यांनी बसून राहावं. वरच्या बॅगा काढायची घाईसुद्धा करू नये, कारण बॅगा काढायला उठलेला माणूस दाराशी उभा राहतो आणि पुढची दहा मिनिटं त्याच्या वाट्याला दाराचा रबर येतो. डावीकडची खिडकी धरा. उजव्या बाजूला मोटारींचा पूल समांतर धावतो, डावीकडे मधे काही नाही. मेस्त्रेचे रूळ मागे पडतात, थोडी खुरटी झुडपं जातात, आणि खडखडाटाचा सूर बदलतो. गाडी २२२ कमानींच्या पुलावर आलेली असते. १८४६ चा पूल, साडेतीन किलोमीटरहून लांब. दोन्ही बाजूंनी उथळ हिरवट पाणी, त्यात रोवलेले तीन-तीन लाकडी खुंट, त्यावर बसलेले पांढरे पक्षी. सांता लुचियाच्या दारातून बाहेर आलं की समोर रुंद पायऱ्या आहेत. रिक्षा नाही, बस नाही, रस्ता नाही. पायऱ्यांच्या खाली पाणी आहे, आणि त्याच्या शेवाळाचा वास पायऱ्यांच्या वरपर्यंत येतो.